आमच्या गोदामातला स्ट्रायकर

तो आमच्या गोदामात कामाला लागला त्या महिन्यात मी राजीनाम्याचा विचार करत होतो. असा विचार मी दर उन्हाळ्याच्या शेवटी करतो आणि हवा जरा निवली की सोडून देतो. दुबईत अल क्वोजमध्ये गोठवलेल्या मालाचं गोदाम आहे, तिथे मी ऑपरेशन्स बघतो. मासे, कोंबड्या, मटार, बटाट्याचे काप, जे काही उणे अठरा अंशांत ठेवावं लागतं ते आमच्याकडे येतं आणि ट्रकांतून हॉटेलांकडे जातं. आत उणे अठरा आणि बाहेर पंचेचाळीस. दिवसभर या दोन हवामानांत ये-जा करून माणूस आजारी पडत नाही, पण बराही राहत नाही. मला वाटतं मी गेली कित्येक वर्षं असाच आहे.

डिस्पॅचला नवा सुपरवायझर येणार असं एचआरने कळवलं होतं. सकाळी बघितलं तर लोडिंग बेवर एक पन्नाशीचा माणूस उभा. सावळा, मध्यम उंचीचा, खांदे किंचित पुढे झुकलेले, केस पांढरे आणि ते तसेच ठेवलेले. चेहऱ्यावरून मला तो बलिया-गोरखपूरकडचा वाटला. आमचे निम्मे ड्रायव्हर तिकडचेच आहेत.

"कहाँ से हो भाई? यूपी?"

"नहीं भैया, हम फिजी से आया."

ड्रायव्हरांना त्याच्या हिंदीची आधी मौज वाटली. एक जण मला येऊन म्हणाला, "सर, ये तो हमारी दादी के माफिक बोलता है." खरंच होतं ते. त्याचे पणजोबा इंग्रजांच्या काळात ऊस तोडायला म्हणून बोटीतून तिकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर गेलेली बोली समुद्रापार तशीच राहिली. त्या करारावर गेलेल्यांना तिथे गिरमिटिया म्हणतात. अ‍ॅग्रीमेंटचं गिरमिट झालं. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. तो म्हणाला, मग फार फरक नाही.

मग त्याने मला विचारलं, "तुम्हारे गाँव में गन्ना होता?"

मी कोल्हापूरचा. मला कोणी असा प्रश्न आजवर विचारला नव्हता. मी हसलो आणि त्या दिवशी आम्ही जेवणाच्या सुट्टीत फक्त उसाबद्दल बोललो. पाचट जाळल्यावर हवेत उडणारी काळी काजळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसली की आईचं ओरडणं, गळिताच्या दिवसांत गावभर पसरणारा मळीचा वास. दोन महासागरांइतकं अंतर मध्ये असून आमच्या दोघांच्या आया एकाच गोष्टीवरून चिडायच्या.

त्याचं बोलणं मी इथून पुढे बहुतेक मराठीतच लिहितो. जिथे त्याचे शब्द तसेच कानात राहिलेत तिथे तसेच ठेवले आहेत.

तो फुटबॉल खेळत असे हे आम्हाला त्याने सांगितलं नाही. ते एचआरमधल्या मुलीने शोधून काढलं. ती ठाण्याची, चुणचुणीत, नवीन माणूस आला की त्याचं नाव इंटरनेटवर टाकून बघायची तिची सवय. एक दिवस ती माझ्या टेबलाशी जवळजवळ धावतच आली.

"सर, तुम्ही हे बघितलंत? आपला फिजीवाला इंटरनॅशनल प्लेअर आहे! देशाकडून खेळलाय. आणि एका मॅचमध्ये बघा ना किती गोल!"

फोनवर एक जुना, धुरकट फोटो होता. पांढरा शर्ट, डोक्यावर काळ्याभोर केसांचं जंगल, आणि डोळे मात्र हेच. खाली एका सामन्याची नोंद. त्याच्या संघाने समोरच्या संघावर इतके गोल केले होते की तो आकडा मला आधी क्रिकेटचा वाटला, आणि त्यातले पुष्कळसे एकट्या याचे होते.

दुपारपर्यंत ते सगळ्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. मी खाली गेलो तेव्हा तो पॅलेट मोजत होता. मी फोन पुढे केला. त्याने एकदा बघितलं, म्हणाला, "हाँ, हम है," आणि पुन्हा मोजायला लागला. मोजणी चुकली होती म्हणून पहिल्यापासून.

मला इतरांपेक्षा जरा जास्तच भरून आलं, त्याला कारण होतं. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत. हंगामात स्टेडियम भरतं, गल्लीत भांडणं होतात, सोयरिकी जुळताना आधी कुठल्या पेठेचा ते विचारतात. मी आमच्या तालमीकडून डाव्या बगलेतून खेळायचो. फार मोठा खेळाडू नव्हतो, पण पहिल्या संघात होतो, आणि चहाच्या गाड्यावर लोक मला नावाने हाक मारत. मग मामाने इकडचा व्हिसा काढला. आलो, पहिली काही वर्षं खोर फक्कानच्या बंदरावर काढली, मग दुबई, मग लग्न, अल बर्शातला फ्लॅट, मुलीची शाळा. चेंडूला पाय लागला नाही असं नाही, पण तो खेळ नव्हता, नुसतं रविवारचं घाम गाळणं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी उत्साहाने सांगितलं की आमच्याकडे एक खराखुरा स्ट्रायकर कामाला आलाय. बायको म्हणाली, "मग गोदामात काय करतोय?" मुलगी कानातून इयरफोन न काढता म्हणाली, "दॅट्स सो सॅड, बाबा."

मला तेव्हा तिचा राग आला होता.

त्याची पूर्ण कथा मला खोर फक्कानच्या रस्त्यावर कळली. आमचे काही कंटेनर तिकडच्या बंदरात उतरायचे, आणि एखाद्याची थंडी वाटेत बिघडली तर माल घ्यायचा की टाकायचा हे बघायला आम्हाला जावं लागे. डिस्पॅचवाला म्हणून तो, ऑपरेशन्सवाला म्हणून मी. शारजा सोडलं की रस्ता डोंगरांत शिरतो, एकामागून एक बोगदे लागतात. गाडी मी चालवायचो. तो समोर बघत बोलायचा, आणि बोगद्यात शिरलो की गप्प व्हायचा, बाहेर आलो की वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचा.

वडील उसाचा ट्रक चालवायचे. मोठ्या बेटाच्या पश्चिमेला, कारखान्याच्या गावात घर. तिथे ऊस वाहायला छोटी आगगाडी असते, पोरं तिच्या मागे धावून ऊस ओढायची, आणि त्याचं म्हणणं की तो धावायला तिथेच शिकला. फिजीत सगळं प्रेम रग्बीला. "रग्बीवाले जिंकून आले की विमानतळावर हार, बँड," तो म्हणाला. "आम्ही जिंकून आलो की टॅक्सी." पण ऊसपट्ट्यातल्या गावांना फुटबॉल होता. वर्षातून एकदा सगळ्या जिल्ह्यांची स्पर्धा भरायची तेव्हा दुकानं बंद, ऑकलंड-सिडनीला गेलेले नातेवाईक सुट्टी काढून परत येत, मैदानाबाहेर मोठमोठ्या पातेल्यांत रस्सा शिजायचा.

"पगार द्यायचे?" मी विचारलं.

"नोकरी द्यायचे." क्लब ज्याच्या मदतीवर चालायचा त्या शेठचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यात याला लावून घेतलं. एका वर्षी फायनलमध्ये याच्या गोलवर त्यांचा जिल्हा जिंकला. लोकांनी खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं, एकाने स्वतःच्या मुलाचं नाव याच्यावरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात खिळे तोलत होता. "गिऱ्हाईक म्हणायचं, काय गोल मारलास रे! आणि मग म्हणायचं, दोन इंचीचे दे, गंजलेले नकोत."

हे सांगताना तो हसला. त्या काळाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

तो आकड्याचा सामना मात्र मला खणून काढावा लागला. मी दोन-तीन फेऱ्यांत विचारलं आणि प्रत्येक वेळी तो खिडकीबाहेर बघू लागला. शेवटी एकदा बंदरावर आमचा माल तपासायचा सरकारी माणूस यायला वेळ होता, आम्ही गाडी सावलीला लावून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेत बसलो होतो, तेव्हा त्याने आपणहून सुरुवात केली.

समोरचा संघ फार लहान बेटांवरून आला होता. त्यांच्यात मास्तर होता, पोलीस होता, बाकी मासेमारी करणारे. त्यांच्या बेटावर पूर्ण मापाचं मैदानच नव्हतं. काहींच्या पायांतले बूट आदल्या दिवशी मिळालेले होते, त्यामुळे ते चालताना पाय उचलून टाकत होते. याच्या कोचने सांगितलं होतं, थांबायचं नाही, पुढे जाण्यासाठी गोलफरक लागेल. सुरुवातीच्या काही गोलांना लोक ओरडले. मग लोक हसायला लागले. मग हसणंही थांबलं, आणि बघणारे नुसते बसून राहिले.

"त्यांचा गोलकीपर एक बारका माणूस होता," तो म्हणाला. "प्रत्येक गोल झाला की जाळ्यातून चेंडू काढायचा, शर्टाला पुसायचा आणि हाताने हळूच मधल्या वर्तुळाकडे सोडायचा. फेकायचा नाही. राग नाही, काही नाही. एकदा मी जवळच उभा होतो. त्याने मला इंग्लिशमध्ये विचारलं, अजून किती वेळ आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, थोडाच. पण हाफटाइमसुद्धा झाला नव्हता, भैया."

मी चहाचा कागदी कप हातात फिरवत राहिलो. मग विचारलं, त्या गोलफरकाचा फायदा झाला का? तो म्हणाला, पुढचा सामना मोठ्या देशाशी होता. त्यांनी आम्हाला इतकं धुतलं की गोलफरकापर्यंत गोष्टच गेली नाही.

तेवढ्यात तपासणारा माणूस आला. आमच्या कोंबड्या वितळून पुन्हा गोठल्या होत्या. सगळा माल टाकावा लागला, आणि त्याचे फोटो काढण्यात संध्याकाळ गेली.

पुढचं त्याने परतीच्या वाटेवर थोडक्यात सांगितलं. देशात सत्तापालट झाला, हिंदुस्थानी वंशाच्या लोकांना तिथे राहणं अवघड झालं, त्याच्या संघातली निम्मी हिंदुस्थानी मुलं हळूहळू देश सोडून गेली. तोही ऑकलंडला एका क्लबकडे गेला. शनिवारी खेळ आणि बाकीचे दिवस मेंढ्यांचं मांस गोठवायच्या कारखान्यात काम. थंडीत काम करायची सवय त्याला तिथे लागली, आणि पुढे त्याच अनुभवावर इथली नोकरी मिळाली. "माझे गोल मला इथे घेऊन आले नाहीत," तो म्हणाला. "मेंढ्यांनी आणलं." तिथेच ओल्या मैदानात गुडघा फिरला. ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत तसाच खेळला, मग घरी परतला, मग बदली खेळाडू म्हणून शेवटची काही मिनिटं उतरू लागला.

"आणि निवृत्त कधी झालास?"

  तो म्हणाला, सामन्याच्या दिवशी क्लबची व्हॅन गल्लीगल्लीतून खेळाडू गोळा करत फिरायची. एका शनिवारी ती त्याच्या गल्लीत वळली नाही. तो बूट घालून ओट्यावर बसला होता. व्हॅन मोठ्या रस्त्याने गेलेली त्याला दिसली. त्याला वाटलं ड्रायव्हर विसरला, परत येईल. दुपारी आईने जेवायला हाक मारली तेव्हा तो उठला आणि बूट काढले.

"कोणी काही बोललं नाही?"

"कौन बोलेगा, भैया? शेठ सोमवारी दुकानात म्हणाला, आता तू पूर्ण वेळ काउंटरवर बस."

आमच्या मालकाने सामना ठरवला तो हिवाळ्यात. त्याच्या एका मित्राची परांच्या बांधायची, म्हणजे स्कॅफोल्डिंगची कंपनी आहे, तिच्याशी आमचा दरवर्षी मैत्रीचा सामना होतो आणि आम्ही दरवर्षी हरतो. ती माणसं दिवसभर लोखंडी नळ्या खांद्यावर घेऊन चढतात, त्यांच्या पायांत ताकद असते. या वर्षी आमच्याकडे इंटरनॅशनल होता. मालकाने त्याचा तो जुना फोटो मोठा करून पोस्टर छापलं, खाली तो आकडा, आणि ते गोदामाच्या फाटकावर लावलं.

त्याने ते बघितलं आणि माझ्याकडे आला. "भैया, ई निकाल दो."

मी मालकाला जाऊन सांगितलं, त्याला आवडलेलं नाही. मालक फोनवर होता, फोनवर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, लोगों को जोश आता है. रहने दो." पोस्टर राहिलं.

खेळायलाही तो तयार नव्हता. गुडघा दाखवला. पँट वर केली तेव्हा तो गुडघा मी पहिल्यांदा बघितला. दुसऱ्याच्या अंगावरचा आणून बसवल्यासारखा दिसत होता. पण लोडर पोरं मागे लागली, ड्रायव्हर मागे लागले, आणि मीही म्हटलं की अर्धाच वेळ खेळ, नुसता पुढे उभा राहा. मला त्याच्या बाजूने एकदा मैदानात उतरायचं होतं, दुसरं काही नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक है." त्याचा स्वर ओव्हरटाइमला हो म्हणावं तसा होता.

रविवारी चार वाजता अल क्वोजमधल्याच एका भाड्याच्या मैदानावर सामना झाला. हिरवी प्लास्टिकची लॉन, चारी बाजूंनी जाळी, पलीकडे टायरांची दुकानं. परांचीवाल्यांच्या संघात तेलुगू, नेपाळी, बिहारी, आणि गोलमध्ये राजापूरकडचा एक आडवातिडवा माणूस. मला मराठीत बोलताना ऐकून तो माझ्याकडे आला.

"दादा, ह्योच काय तो, फोटोतला?"

"हो, हाच."

"मेलो मी," तो म्हणाला आणि हातमोजे चढवायला लागला. हातमोजे परांचीच्या कामाचेच होते.

आमचा स्ट्रायकर मैदानात उतरला. त्याचं उभं राहणंच वेगळं होतं. चेंडू लांब असतानाही कुठे थांबायचं हे त्याच्या अंगाला ठाऊक होतं. दोन पावलं मागे, अर्धं वळण, आणि त्याच्यासमोरची जागा मोकळी. फक्त चेंडू त्या जागेत यायचा तेव्हा तो तिथे पोचलेला नसायचा. आमच्या पोरांनी आधी त्याला सारखा चेंडू दिला. मग दर दुसऱ्या वेळी. मग ती आपापसांत खेळायला लागली. जाळीपलीकडून कोणीतरी ओरडलं, "अरे गूगल, भाग ना!" लोक हसले. त्याने मान वर केली नाही.

हाफटाइमला मी म्हटलं, बस झालं, बाहेर ये. तो पाणी पीत होता. म्हणाला, "तू भी आव."

म्हणून मी उतरलो. पोट सुटलेलं, बूट मेव्हण्याचे, डाव्या बगलेत. माझ्या दमाचा अंदाज मला दोन फेऱ्यांतच आला. छातीत भाता फुंकल्यासारखा आवाज येत होता. पण मग एकदा त्यांचा बचाव करणारा पोरगा घसरला आणि चेंडू माझ्यासमोर, पुढे सगळी बाजू मोकळी. मी धावलो. तालमीच्या दिवसांत जसा धावायचो तसा नाही, पण धावलो. मान वर केली, तो मधून येताना दिसला, आणि मी डाव्या पायाने चेंडू आत घातला. आयुष्यात मी पुष्कळ क्रॉस मारले असतील. असा एकही नाही. राजापूरकर पुढे आला आणि फसला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि बरोबर स्ट्रायकरच्या पुढ्यात, रिकाम्या गोलसमोर, एक टप्पा घेऊन गुडघ्याएवढ्या उंचीवर आला.

तो चुकला.

चेंडू त्याच्या समोरून निघून गेला. पाय उचललाच गेला नाही म्हणा. परांचीवाल्यांची बाजू एकदम ओरडली. राजापूरकराने चेंडू लांब मारला, आमचे सगळे अजून पुढेच होते, आणि त्यांच्या नेपाळी पोराने एकट्याने जाऊन गोल केला. तेवढाच गोल झाला. आम्ही नेहमीसारखे हरलो.

शिट्टी वाजल्यावर तो पहिला त्यांच्या गोलकीपरकडे गेला. मी जाळीला धरून श्वास घेत होतो, पण ऐकू येत होतं.

"तुम बहुत अच्छा गोलकीपर है," तो म्हणाला.

राजापूरकराने माझ्याकडे बघितलं. "दादा, सांगा ओ त्यांना. मी आचारी हाय मेसचा. रुंदीला मीच मोठा म्हणून उभा केल्यानी."

मी ते हिंदीत सांगितलं, आणि स्ट्रायकर हसायला लागला. इतक्या महिन्यांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून, वाकून, गुडघा दुखत असतानाही. आचारीही हसला, कारण समोरचा हसतोय. मग दोघं बाजूच्या पाण्याच्या खोक्यावर बसून राहिले. आचारी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता, शंभर माणसांची डाळ कशी शिजवतात ते, आणि तो मन लावून ऐकत होता.

मालक जाता जाता म्हणाला, "खलास. नेक्स्ट इयर क्रिकेट." ग्रुपवर त्या संध्याकाळी कोणीतरी हसणारे चेहरे टाकले. एकाने लिहिलं, उस जमाने में कौन देखता था, कुछ भी लिख दिया होगा. एचआरच्या मुलीने ते वाचून मला वेगळा मेसेज केला की सर, मला फार वाईट वाटतंय, मी उगीच शोधून काढलं. 

त्याला त्याच्या खोलीवर सोडायला मी निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा राहवलं नाही.

"मुद्दाम सोडलास ना?"

"काय?"

"तो चेंडू. मुद्दाम सोडलास. एवढा सोपा होता."

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "नहीं भैया. हम थक गया. गोड़ नहीं उठिस."

गोड़ म्हणजे पाय, हे मला तोवर कळायला लागलं होतं. तरी मी म्हटलं, "मला वाटलं त्या वेळचा तो गोलकीपर आठवला असेल तुला. तो बारका."

"ऊ दूसर बात है," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला की चेंडू येताना दिसला तेव्हा त्याला फार आनंद झाला होता. डोक्यात सगळं बरोबर झालं होतं, कुठे मारायचा तेही ठरलं होतं. फक्त खाली निरोप पोचला नाही. "तुमार बॉल बहुत बढ़िया रहा," तो म्हणाला. "सॉरी, भैया."

मला दुसरं उत्तर हवं होतं. त्याने मुद्दाम सोडला असता तर मला ती गोष्ट घरी सांगता आली असती, मुलीलाही आवडली असती. घरी जाऊन मी फक्त एवढंच म्हटलं की हरलो. मुलगी म्हणाली, "बाबा, यू प्लेड?" आणि मी हो म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. बायकोने पोटरीला लावायला तेल गरम केलं.

त्यानंतर त्याच्याभोवतीचं ते सगळं वातावरण गेलं. पोस्टर उन्हाने आपोआप पांढरं पडलं आणि मग एका वाऱ्यात फाटलं. नवीन येणाऱ्या ड्रायव्हरांना कोणी त्याच्याबद्दल सांगत नसे. तो पॅलेट मोजायचा, ट्रक वेळेवर काढायचा, ड्रायव्हर भांडले की त्यांच्या दादीच्या बोलीत त्यांना समजवायचा आणि ते गप्प व्हायचे. खोर फक्कानच्या फेऱ्या चालू राहिल्या. आम्ही फुटबॉलबद्दल बोलायचं जवळजवळ बंद केलं. उसाबद्दल बोलायचो, मुलींबद्दल बोलायचो. त्याची मुलगी ब्रिस्बेनला नर्स झाली होती आणि आईवडिलांना तिकडे बोलावत होती. तो म्हणायचा, तिथे जाऊन मी काय करणार, आणि पुढच्या वाक्यात व्हिसाच्या कागदांबद्दल विचारायचा.

करार संपल्यावर त्याने वाढवून घेतला नाही, मुलीकडे ब्रिस्बेनला जायचं ठरवलं. ऑफिसात केक कापला, मालकाने खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. एअरपोर्टला मी नेलं. सामान कमी होतं. आत जायच्या आधी त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, आता तूही घरी जा. मी म्हटलं, इन्शाल्ला. इथे हा शब्द बघू, होईल तेव्हा होईल अशा अर्थाने म्हणतात, त्याच अर्थाने म्हटलं.

अजून महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. मुलीच्या घराजवळच एका थंड गोदामात त्याने काही दिवस काम केलं, मग गुडघ्याने नाही म्हटलं. गेल्या वेळी बोललो तेव्हा त्याला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, सगळा गुडघाच बदलणार होते. डॉक्टरने एक्स-रे बघून विचारलं म्हणे, हा एवढा झिजला कसा, खेळायचास का कधी?

"मग काय सांगितलंस?"

"बोला, थोड़ा-बहुत."

मी विचारलं, ऑपरेशननंतर पळता येईल का? तो म्हणाला, डॉक्टर म्हणतो पळायचं नाव काढू नको. पण जिना चढता येईल, मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

"बस, भैया," तो म्हणाला. "ओतना बहुत है."